शून्याची रेषा : डायोड क्लॅम्परचा अभ्यास

डायोड क्लॅम्पर हे सिग्नलचा आकार न बदलता त्याची पातळी वर किंवा खाली सरकवणारे सर्किट आहे. त्यात घटक तीनच: सिग्नलच्या वाटेत बसवलेला कपॅसिटर, आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडलेला डायोड आणि डायोडला समांतर असा मोठ्या मूल्याचा रेझिस्टर. शून्याच्या वर १० आणि खाली १० व्होल्ट झुलणारा तरंग या सर्किटमधून गेला की तो जवळजवळ सगळा शून्याच्या वर येतो. डायोड उलटा जोडला तर सगळा खाली जातो. माथ्यापासून तळापर्यंतची उंची मात्र दोन्ही वेळा २० व्होल्टच राहते. क्लिपर तरंगाचा भाग छाटून टाकतो, क्लॅम्पर काहीही छाटत नाही. दोघांमधला फरक त्या एका कपॅसिटरचा आहे.

आळंदीच्या देहूफाट्यावर १९९९ पासून एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग आहे. निगडी, आकुर्डीपर्यंतच्या पट्ट्यात पदवी आणि पदविकेची आणखी महाविद्यालये आहेत. इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना क्लॅम्पर अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच, रेक्टिफायर आणि क्लिपर यांच्या पाठोपाठ भेटतो. पुस्तकात त्याला चार-पाच पाने असतात, जर्नलमध्ये एक प्रयोग. सर्किट पाच मिनिटांत ब्रेडबोर्डवर उभे राहते, म्हणून तो सोपा मानला जातो. प्रत्यक्षात प्रयोगाच्या टेबलावर सर्वांत जास्त प्रश्न याच सर्किटमुळे उभे राहतात. सिग्नलला आकार असतो तशी पातळीही असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पातळी फार सहज हरवते, हे शिकणाऱ्याला पहिल्यांदा इथे कळते.

लागणारे सामान किरकोळ आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ते सगळे मिळते आणि आळंदीहून मनपाच्या बसने जाऊन महिन्याभराचे सामान एकदम आणण्याची विद्यार्थ्यांची रीत आहे. डायोड बहुधा १एन४००७ असतो. काळ्या नळीवरचा रुपेरी पट्टा म्हणजे त्याचा कॅथोड. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा, अंगावर १०४ हा आकडा छापलेला. रेझिस्टर १०० किलोओहमचा, म्हणजे तपकिरी, काळा आणि पिवळा अशा पट्ट्यांचा. सिग्नल फंक्शन जनरेटरमधून येतो: १ किलोहर्ट्झ, साइन वेव्ह, १० व्होल्ट शिखर.

सर्किट समजून घेताना सुरुवात कुठून करायची हे महत्त्वाचे आहे. बॉयलस्टॅड आणि नॅशेल्स्की यांच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात त्यासाठी एक चांगला नियम दिला आहे: ज्या भागात डायोड चालू होतो त्या भागापासून विश्लेषण सुरू करावे, मग तो तरंगाचा पहिला भाग असो वा नसो. डायोडचा अॅनोड ग्राउंडला आणि कॅथोड आउटपुटला असेल तर इनपुट ऋण झाल्यावर डायोड चालू होतो. त्या वेळी कपॅसिटरला भरायला जवळजवळ विनारोध वाट मिळते. इनपुट उणे १० व्होल्टवर पोचेपर्यंत कपॅसिटर ९.३ व्होल्टपर्यंत भरलेला असतो, उरलेले ०.७ व्होल्ट डायोडवर पडतात. इनपुट तळ सोडून वर चढू लागले की डायोड बंद होतो. आता कपॅसिटरमधला भार निघून जायचा तर १०० किलोओहममधूनच, आणि तेवढा वेळ एका आवर्तनात मिळत नाही. म्हणून कपॅसिटर सिग्नलच्या वाटेत बसवलेल्या ९.३ व्होल्टच्या बॅटरीसारखा वागतो. इनपुटच्या प्रत्येक बिंदूत ९.३ मिळवले जातात. तळ उणे १० वरून उणे ०.७ वर येतो, माथा १० वरून १९.३ वर जातो.

या हिशेबातून लक्षात ठेवण्यासारख्या तीन गोष्टी निघतात. आकृतीत डायोडचा बाण ज्या दिशेला असेल त्या दिशेला तरंग सरकतो. बाण वर तर तरंग वर, बाण खाली तर तरंग खाली. दुसरी गोष्ट, बंद असताना डायोडला जवळजवळ माथा ते तळ एवढा पूर्ण दाब उलट दिशेने सोसावा लागतो; इथे तो १९.३ व्होल्ट आहे, शिखराच्या जवळपास दुप्पट. प्रयोगशाळेत त्याची काळजी नसते, कारण १एन४००७ एक हजार व्होल्ट सोसतो, पण मोठ्या दाबाच्या कामात डायोड निवडताना हाच आकडा आधी पाहावा लागतो. तिसरी, कपॅसिटरच्या आउटपुटकडच्या टोकावर अधिक भार असतो. कमी वारंवारतेसाठी मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घेतला आणि तो उलटा बसवला तर तो तापतो आणि फुगतो.

इथपर्यंतचे सगळे कागदावर पटते. ऑसिलोस्कोपचा प्रोब आउटपुटला लावल्यावर मात्र अनेकदा तरंग जसाच्या तसा, शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा झुलताना दिसतो. सर्किट तपासले जाते, डायोड बदलला जातो, ब्रेडबोर्डही बदलला जातो आणि पडद्यावर फरक पडत नाही. दोष सर्किटमध्ये नसतोच. ऑसिलोस्कोपच्या चॅनलचे कपलिंग एसीवर असते. त्या स्थितीत प्रोब आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये आणखी एक कपॅसिटर येतो आणि तो सिग्नलमधला स्थिर भाग अडवतो. क्लॅम्परने मेहनतीने मिळवलेले ९.३ व्होल्ट मोजणाऱ्या उपकरणाच्या दारातच थांबतात. कपलिंग डीसीवर नेले की तरंग एकदम वर सरकतो.

हा अनुभव प्रत्येक तुकडीला येतो आणि यावाच. कपॅसिटर आकार पुढे जाऊ देतो आणि पातळी मागे ठेवतो, हे वाक्य वाचून जेवढे समजते त्यापेक्षा कितीतरी अधिक ते एका बटणाने तरंग वर-खाली सरकताना पाहून समजते. त्याच वेळी दुसरी सवय लागते: मोजण्याआधी शून्याची रेषा ठरवणे. इनपुट ग्राउंडवर ठेवून पडद्यावरची आडवी रेषा मधल्या किंवा खालच्या घरावर आणून ठेवायची आणि मगच सिग्नल पाहायचा. शून्य कुठे आहे हे ठरलेले नसेल तर तरंग वर गेला की खाली, या प्रश्नाला अर्थ राहत नाही. अनुभवी लॅब असिस्टंट जर्नलवर सही करण्याआधी आलेखात शून्याची रेषा काढली आहे का हे आधी पाहतात, त्याचे कारण हेच.

कपॅसिटरवरचा दाब थेट पाहण्याचा मोह यानंतर होतो. प्रोबचे टोक कपॅसिटरच्या एका बाजूला आणि ग्राउंडची क्लिप दुसऱ्या बाजूला लावली जाते आणि सर्किटच बंद पडते. ऑसिलोस्कोप आणि फंक्शन जनरेटर या दोघांचे ग्राउंड भिंतीतल्या अर्थिंगमधून एकमेकांना जोडलेले असते. क्लिप लावलेला बिंदू ग्राउंडला टेकतो, मग तो आउटपुट असेल तर डायोड आणि रेझिस्टर दोन्ही शॉर्ट होतात. कपॅसिटरवरचे ९.३ व्होल्ट पाहायचे तर बॅटरीवर चालणारा मल्टिमीटर डीसीवर ठेवून दोन टोकांना लावायचा. तोच मल्टिमीटर आउटपुट आणि ग्राउंडमध्ये लावला तरी जवळजवळ तेवढाच आकडा दाखवतो, कारण साइन वेव्हची स्वतःची सरासरी शून्य असते आणि उरते ती फक्त पातळी. पुस्तकात तळ उणे ०.७ वर असला तरी टेबलावर तो बरेचदा उणे ०.६ च्या आसपास सापडतो. डायोडमधून जाणारा प्रवाह लहान असला की त्याच्यावरचा दाबही थोडा कमी असतो. जे दिसले तेच लिहावे, ०.६ खोडून ०.७ करण्याने प्रयोग बरोबर ठरत नाही.

क्लॅम्परचे सर्वांत समृद्ध अंग म्हणजे काळ. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या मूल्यांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक. १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांचा तो १० मिलिसेकंद येतो. १ किलोहर्ट्झचे एक आवर्तन १ मिलिसेकंदाचे. कालस्थिरांक आवर्तनाच्या निदान दसपट असावा हा नेहमीचा दंडक इथे नेमका पाळला जातो. दसपटच का, हे साइन वेव्हवर नीट दिसत नाही. स्क्वेअर वेव्ह लागते. अधिक-उणे ५ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह दिली की आउटपुटचा माथा ९.३ व्होल्टवर जातो. तो सपाट हवा, पण अर्ध्या मिलिसेकंदात कपॅसिटर थोडा रिकामा होतो आणि माथा ८.८५ व्होल्टपर्यंत उतरतो. हा उतार सुमारे पाच टक्के आहे आणि पडद्यावर स्पष्ट दिसतो. कपॅसिटर बदलून ०.०१ मायक्रोफॅरडचा घेतला तर कालस्थिरांक आवर्तनाएवढाच होतो आणि माथा ९.३ वरून ५.६ पर्यंत घसरतो. आणखी दहापट लहान कपॅसिटर लावला की अर्ध्या आवर्तनात आउटपुट शून्याजवळ येते आणि स्क्वेअर वेव्हच्या जागी नुसते टोकदार काटे उरतात. आकार राखणारे सर्किट तेच, घटकही तेच, पण आकार गेला. तिन्ही कपॅसिटर एकामागोमाग लावून पाहणारा विद्यार्थी दसपटीचा दंडक पुन्हा विसरत नाही.

उतार आला की त्याची भरपाईही आली. कपॅसिटरने गमावलेला भार पुढच्या ऋण भागाच्या सुरुवातीला परत मिळतो. तेवढ्या क्षणापुरता आउटपुटवर खाली जाणारा बारीक काटा दिसतो. जनरेटरच्या ५० ओहममधून ०.१ मायक्रोफॅरड भरायला काही मायक्रोसेकंदच लागतात. हा काटा बिघाड नव्हे. रेझिस्टरमधून गेलेला भार आणि डायोडमधून परत आलेला भार दर आवर्तनात सारखे असावेच लागतात, आणि त्यावरच क्लॅम्परचे मुख्य प्रमेय उभे आहे. जेकब मिलमन आणि हर्बर्ट टॉब यांच्या १९६५ च्या ‘पल्स, डिजिटल अँड स्विचिंग वेव्हफॉर्म्स’ या ग्रंथात ते मांडले आहे: स्थिरावलेल्या आउटपुटमध्ये डायोड चालू असतानाचे क्षेत्रफळ आणि बंद असतानाचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर हे त्या दोन वेळच्या रोधांच्या गुणोत्तराएवढे असते. चालू असतानाचा रोध १०० ओहम आणि बंद असतानाचा १०० किलोओहम धरला तर हे गुणोत्तर एकास हजार होते. इनपुट कोणत्याही आकाराचे असो, क्लॅम्पर तरंगाचा हजारात एक एवढाच भाग मर्यादेपलीकडे जाऊ देतो.

यावरून कोणाला वाटेल की रेझिस्टर जितका मोठा तितके चांगले. १ मेगाओहम लावून पाहिल्यावर दोन अडचणी कळतात. पहिली मोजण्याची: ऑसिलोस्कोपचा स्वतःचा रोधही १ मेगाओहम असतो, म्हणून प्रोब लावताच प्रत्यक्ष रोध निम्मा होतो. १०० किलोओहमच्या वेळी हाच परिणाम नऊ टक्क्यांचा होता. दुसरी अडचण जास्त खोल आहे. इनपुटचे शिखर अचानक १० वरून ५ व्होल्टवर आणले तर कपॅसिटरवर जुने ९.३ व्होल्ट तसेच असतात. तरंग ४.३ आणि १४.३ च्या मध्ये अधांतरी राहतो, तळ शून्याजवळ पोचत नाही, डायोड चालू होत नाही. कपॅसिटर रेझिस्टरमधून ४.३ पर्यंत उतरेल तेव्हाच पातळी पुन्हा ठरते. १०० किलोओहमला त्यासाठी सुमारे ८ मिलिसेकंद, म्हणजे आठ आवर्तने लागतात. १ मेगाओहमला त्याच्या दहापट. उलट शिखर ५ वरून १० केले तर पुढच्याच ऋण भागात नवी पातळी तयार होते. क्लॅम्पर वाढ लगेच मानतो आणि घट सावकाश. त्यामुळे एखादा क्षणिक मोठा काटा सिग्नलमध्ये आला तर त्याचा परिणाम नंतरच्या कित्येक आवर्तनांवर राहतो.

तळ शून्याजवळच असावा असे बंधन नाही. डायोडच्या खाली एक स्थिर दाब जोडला की तळ हव्या त्या ठिकाणी ठेवता येतो. अधिक-उणे २ व्होल्टचा सिग्नल ० ते ५ व्होल्ट वाचणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला द्यायचा असेल तर डायोडच्या अॅनोडला ग्राउंडऐवजी १.२ व्होल्ट दिले जातात. डायोडचे ०.७ वजा होऊन तळ ०.५ वर आणि माथा ४.५ वर येतो, दोन्ही टोकांना अर्ध्या व्होल्टची मोकळी जागा राहते. हेच ०.७ लहान सिग्नलच्या वेळी नडतात. अर्ध्या व्होल्टचा तरंग साध्या सिलिकॉन डायोडला धड चालूही करू शकत नाही. तिथे डायोड ऑप-अॅम्पच्या फीडबॅकमध्ये ठेवला जातो. ऑप-अॅम्पच्या प्रचंड गुणनामुळे डायोडचा दाब जवळजवळ नाहीसा होतो आणि तळ ठरवलेल्या पातळीवर मिलिव्होल्टच्या अचूकतेने बसतो.

या सर्किटचा मराठी घरांत सर्वांत जास्त काळ वावर झाला तो दूरचित्रवाणीमधून. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यातही दिसू लागले. आपल्याकडच्या ६२५ ओळींच्या पद्धतीत एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. १ व्होल्टच्या व्हिडिओ सिग्नलमध्ये खालचे ०.३ व्होल्ट सिंक पल्ससाठी आणि वरचे ०.७ व्होल्ट काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडासाठी असतात. म्हणजे इथे पातळी हीच माहिती आहे. सिग्नल एखाद्या कपॅसिटरमधून गेला की त्याची सरासरी शून्यावर येते. रात्रीचे दृश्य आणि भर दुपारचे दृश्य यांच्या सरासऱ्या वेगळ्या, म्हणून काळ्या रंगाची पातळी दृश्यागणिक हलते आणि अंधार राखाडी दिसतो. संचातला डीसी रिस्टोअरर हा डायोड क्लॅम्परच होता. सिंक पल्सचे टोक प्रत्येक ओळीत त्याच उंचीचे असते. डायोड ते टोक एका पातळीला धरून ठेवतो आणि काळा रंग काळा राहतो. वाईट हवामानात येणारे काटे मात्र सिंकपेक्षाही खाली जात आणि साधा क्लॅम्पर त्यांनाच तळ मानून बसे. म्हणून पुढे सिंक पल्सनंतरच्या काही मायक्रोसेकंदांतच उघडणारे, पल्सने चालणारे क्लॅम्पर आले. वाढ लगेच मानण्याचा जो गुण प्रयोगशाळेत नुसता निरीक्षण म्हणून नोंदला जातो, त्याचीच ही प्रत्यक्ष किंमत होती.

क्लॅम्परच्या पुढे एक डायोड आणि एक कपॅसिटर जोडला की दाब दुप्पट करणारे सर्किट मिळते. पहिला टप्पा तरंगाला वर उचलतो, दुसरा त्याचा माथा धरून ठेवतो. स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिक ग्रायनाकर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही रचना केली. तिच्या टप्प्यांची साखळी वापरून कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये केंब्रिजला प्रोटॉनना वेग दिला आणि लिथियमचे अणुकेंद्र फोडले. त्या कामासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातल्या जुन्या पद्धतीच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तर नुसता क्लॅम्परच असतो: ट्रान्सफॉर्मरचे सुमारे २००० व्होल्ट, सुमारे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला सुमारे ४००० व्होल्ट ऋण दाब देतात. ओव्हन बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये भार उरलेला असू शकतो. ब्रेडबोर्डवर ९.३ व्होल्ट धरून ठेवणारा गुणधर्म तिथे जीव घेऊ शकतो, म्हणून दुरुस्ती करणारे सर्वांत आधी तो कपॅसिटर सुरक्षितपणे रिकामा करतात.

क्लॅम्पर कुठे वापरू नये हेही अभ्यासाचा भाग आहे आणि त्याचे उत्तर आळंदीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला मिळते. चाकणच्या पट्ट्यात मोटारसायकली आणि मोटारी तयार होतात आणि इथले अनेक विद्यार्थी पुढे त्या कारखान्यांत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांत रुजू होतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर दुचाकींमध्येही इंधन इंजेक्शन आणि त्याला सांभाळणारा कंट्रोलर सर्रास आला. क्रँकची जागा सांगणारी पिकअप कॉइल शून्याच्या दोन्ही बाजूंना झुलणारा सिग्नल देते आणि कंट्रोलरला ऋण दाब चालत नाही. क्लॅम्पर नुकताच शिकलेल्याच्या मनात तोच उपाय येतो. पण या सिग्नलची उंची आणि वारंवारता दोन्ही इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतात. सुरू होताना तो इतका लहान असू शकतो की डायोडच चालू होत नाही आणि आवर्तन इतके लांब असते की कालस्थिरांक अपुरा पडतो. वेग अचानक कमी झाला की जुनी पातळी मागे राहते. शिवाय कंट्रोलरला हवी असते ती क्रँकच्या दातेरी चाकाचा दात सरकल्याची अचूक वेळ, आणि ती सिग्नल शून्य ओलांडतो त्या क्षणात असते. म्हणून तिथे शून्य ओलांडणे ओळखणारी आणि सिग्नलच्या उंचीप्रमाणे स्वतःची मर्यादा बदलणारी एलएम१८१५ सारखी आयसी वापरली जाते.

ज्या सिग्नलचे एक टोक प्रत्येक आवर्तनात ठराविक जागी येते आणि ज्याची वारंवारता एका मर्यादेच्या खाली जात नाही, त्याला क्लॅम्पर उत्तम. व्हिडिओ सिग्नल तसा आहे, मायक्रोवेव्हमधला ५० हर्ट्झचा पुरवठा तसा आहे. पिकअप कॉइलचा सिग्नल तसा नाही. प्रयोगाच्या निष्कर्षात म्हणूनच ‘तरंग वर सरकला’ एवढे पुरत नाही. शून्याची रेषा कुठे धरली, कपलिंग कोणते होते, तळ किती व्होल्टवर बसला, कालस्थिरांक आवर्तनाच्या किती पट होता, माथ्याला किती टक्के उतार आला आणि कोणत्या वारंवारतेच्या खाली सर्किट उपयोगाचे राहत नाही, एवढे नोंदवले की क्लॅम्परचा अभ्यास पूर्ण होतो. हीच नोंद करण्याची सवय पुढे कारखान्यात अनोळखी सिग्नलसमोर उभे राहिल्यावर उपयोगी पडते.